आंबट माळ

भादव्यातली ती दुपार. राणीसावरगावच्या लाल माळावर ढग खाली उतरले होते. हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. मनकर्णा आपली गाय शोधत होती, आणि धुक्यातून आवाज येत होता — कट्… कट्…

जवळ गेली तर कपिली गाय एक जुनं हाड चघळत उभी! शेजारी एक अनोळखी तरुण गुडघे टेकून, कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी जमीन उकरत होता.

मनकर्णा दोन पावलं मागं सरली.

"भिऊ नका," तो घाईनं म्हणाला. "मी रंगनाथ, पिंगळीचा. परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. मातीचे नमुने न्यायला आलोय."

"माझी गाय हाड खायलीय… अन् तुमी माती भरायलात?"

"भूक लागलीय तिला."

"ढीगभर गवत हाय की!"

त्यानं ओल्या मातीवर निळा कागद टेकवला. कागद हळूहळू लाल झाला. "आपल्या काळ्या रानात असं होत न्हाई. ही माती आंबट हाय. हिच्यातलं लोह स्फुरदाला, म्हंजे हाडं घडवणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून ठेवतं, गवताला मिळूच देत न्हाई. मग जनावर ते हाडात शोधतं."

"गाय अशी हाडं चघळतीय म्हून गाव म्हणतं, आमच्या घराला बाधा झालीय. माझी मानवतची सोयरीकसुद्धा मोडली त्याच्यापायी."

"बरं झालं—" तो बोलून गेला, अन् कानापर्यंत लाल झाला.

मग दर आठवड्याला तो येऊ लागला. मनकर्णाची वाटही नेमकी तिकडूनच जाऊ लागली… माळभर गवत पिवळं, खुरटं. एकाच जागी मात्र गर्द हिरवं, कमरेइतकं उंच. वारा नसताना ते सळसळल्यासारखं वाटे. पूर्वी मेलेली जनावरं तिथं टाकत. रंगनाथनं तिथली माती उकरली, तर बैलाची कवटी वर आली… आणि त्याच्या हातात ओल्या पिठासारखी विरली.

"आंबट मातीत हाडं विरघळतात," तो हळूच म्हणाला. "अन् गवत ते पिऊन घेतं."

मनकर्णाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं त्याची बाही घट्ट धरली. भीती ओसरली, तरी सोडली नाही.

तिचे वडील चंद्रभान गाय विकायला निघाले होते. "माळावरच्या हाडांनी विषबाधा होते, तिला तिकडं सोडू नका," रंगनाथ त्यांना म्हणाला, आणि वाफवलेल्या हाडांची भुकटी देऊन एक महिना मागून घेतला. मनकर्णा रोज पेंडीत कालवून ती चारू लागली. महिनाभरात कपिली गोठ्यात शांत रवंथ करू लागली.

शेवटच्या नमुन्याच्या दिवशी रंगनाथ पिशवीची गाठ उगाच बांधत-सोडत राहिला.

"आता यायला निमित्त न्हाई…"

"मग आबांना विचारा की."

"काय विचारू?"

"ते बी मीच सांगू?"

त्या संध्याकाळी तो चंद्रभानांसमोर बसला. तीनदा खाकरला, पाणी प्यायला, पावसावर बोलला. शेवटी दाराआडून मनकर्णाच म्हणाली, "आबा… मला हे पसंत हायत."


चंद्रभान हसले, उठून पाट मांडला. मग आत वळून म्हणाले, "पाव्हण्यांचं ताट वाढा."