लालबागचा हरवलेला मल्लखांब

"मल्लखांब चोरीला गेलाय!" रमाकांत गुप्ते दारातूनच ओरडले.

गुप्ते म्हणजे गिरणगाव विभाग व्यायाम संघाचे चिटणीस. मनमोहन धैर्यवान त्या वेळी गिरगावातल्या आपल्या घरी रविवारचा चहा पीत होते. विमा कंपनीत ते नुकसानीचे दावे तपासत. आठवडाभर लोकांच्या थापा ऐकल्या, की रविवारी संघाचं बिनपगारी काम करायचं, ही त्यांची हौस. पाहणी समितीचे ते सभासद होते. ती समिती वर्षातून एकदा भरे, तीही चहापुरती.

"मल्लखांब म्हणजे काय छत्री आहे, गुप्ते? कोण उचलून नेणार?"

"सभेवाले! काल संध्याकाळी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. लालबागच्या उत्कर्ष व्यायाम मंदिराची यच्चयावत मंडळी तिकडे. व्यासपीठाला खांब कमी पडला असेल, नेला आमचा. अहो, संघ सरकारी अनुदानावर चालतो! उद्या त्यांच्याच चाळीत आपला मेळावा आहे. अध्यक्षांसमोर त्यांची मान्यता काढून घेतो."

धैर्यवानांनी कप खाली ठेवला. व्यायाम मंदिराची जागा संघाच्या शब्दावर मिळालेली होती. मान्यता गेली की जागा गेली, आणि चाळीतली सगळी पोरं रस्त्यावर.

लालबागला पोचेपर्यंत गुप्ते संघाची थोरवी सांगत होते. लेझीम संघाचं, लाठ्या संघाच्या, पंच संघाचे, शिक्षकांचं शिबिर संघाचं.

"आणि वस्तू चोरीला गेली, तर पंधरा दिवसांत नवी. आहे कुठे अशी सोय?"

"मोडली तर?"

"मोडली तर आधी पाहणी समितीचा अहवाल. नियम आहे."

"ही समिती म्हणजे मी ना?"

"तुम्ही आणि आणखी दोघे. मार्चमध्ये बैठक आहेच."

ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि धैर्यवानांचं डोकं तापायला तेवढं पुरेसं होतं.

चाळीच्या तोंडाशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या दोन जाड खांबांची स्वागताची कमान होती. वर झेंडूचे भरगच्च गोंडे. डाव्या खांबाच्या कापडावर पिवळसर डाग पडले होते, तळणाचे हात पुसल्यासारखे.

"कमान बायकांनी सजवलीय, हौसेनं," गुप्ते कौतुकानं म्हणाले आणि खालून ऐटीत गेले.

आतल्या मांडवाचे खांब मात्र बांबूचे होते. मांडववाल्यानं त्यांचं कापड चुका ठोकून बसवलं होतं.

व्यायाम मंदिर मांडवाच्या मागे. तांबड्या मातीच्या हौद्यात मधोमध खड्डा होता. माती नीट एका बाजूला ओढलेली. घाईगर्दीत उपटल्याची खूण नाही.

कोनाड्यात मल्लखांबाला लावायच्या एरंडेलाची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, वर धुळीचा थर. मेळावा तोंडावर आलेला असताना कुणी बाटलीला हात लावला नव्हता.

इथले शिक्षक वसंत कोरगावकर पुढे आले. दिवसा टपालखात्यात कारकून आणि संध्याकाळी पोरांना फुकट शिकवणारा उत्साही माणूस. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"काल इथे कोण होतं?"

"कुणी नव्हतं साहेब. मांडववाले दुपारीच गेले. आम्ही सगळे सभेला होतो. रात्री आलो, ते दमून झोपलोच."

"सगळे?"

"चाळीतला एकही पुरुष मागे राहिला नव्हता."

"उद्या मल्लखांबावर कोण चढणार होतं?"

कोरगावकरांनी नजर चुकवली. "मीच."

"पोरं का नाहीत?"

"पोरं सध्या सूर्यनमस्कार घालतात."

"बघा, लपवतायत!" गुप्ते उसळले. "सभेत खांब देऊन आले आणि वर तोंड करून बोलतायत!"

"खांब देऊन मी उद्या कशावर चढणार होतो, गुप्तेसाहेब?" कोरगावकरांचा आवाज चिरकला. "खिशातले पैसे घालून ही तालीम चालवतो मी!"

समोरच्या ओट्यावर गंगुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गिरणीत कामाला, दंड असे की पाहत राहावं.

"बाई, काल खणण्याचा आवाज नाही आला?"

"खांब खंय गेलो तो माका काय म्हायत?" गंगुबाईंनी सूप पाखडलं. "चाळीत मांडव पडलो की खणणा होताच."

"खांब कुठे गेला, ते मी विचारलंच नव्हतं," धैर्यवान म्हणाले.

गंगुबाई एकदम तांदळात खडे शोधू लागल्या.

धैर्यवान तडक कमानीकडे गेले. उजवा खांब त्यांनी दाबला. आत बोट रुतलं. बांबूभोवती गोणपाट गुंडाळून तो जाड केला होता. डावा दाबला, तो टणक निघाला. मग ते वाकून कापडाची शिवण पाहत बसले आणि अखेर चिडक्या आवाजात त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"गुप्ते, तुमचा मल्लखांब हा इथे. आपण त्याच्या शेजारून आत गेलो."

"काय सांगता?"

"वर्षानुवर्षं एरंडेल प्यायलेलं लाकूड. उन्हानं तेल सुटलं आणि कापडावर डाग पडले. मल्लखांबाची बारीक मान आणि बोंड झेंडूखाली झाकलंय. दुसरा खांब याच्या जोडीला फुगवलाय."

"म्हणजे मांडववाला चोर!"

"मांडववाला चुका ठोकतो. हे कापड शिवलंय, गोधडीच्या टाक्यानं. तुम्ही सभेला गेलेल्या पुरुषांवर संशय घेतलात, पण घरी कोण होतं, हे विचारलं नाहीत. सगळे पुरुष बाहेर, दुपारपर्यंत चाळीत मांडवाचे खांब इकडून तिकडे चाललेले. त्यात बायका-बायकांनी आणखी एक खांब नेला, तर कोण पाहणार? आता कारण ऐका. बाटलीवर धूळ आहे, म्हणजे बरेच दिवस खांबाला तेल नाही. पोरं सूर्यनमस्कारांवर. मास्तर पोरांना वर चढू देत नव्हते, कारण खांब खराब झाला होता. खरं ना, कोरगावकर?"

"तडा गेलाय," कोरगावकर हळू आवाजात म्हणाले. "संघाला कितीदा कळवलं. उत्तर एकच, पाहणीनंतर बघू. आणि प्रात्यक्षिक झालं नाही तर मान्यता काढू, हे वरून. म्हणून म्हटलं, पोरं नकोत, मी चढतो."

"आणि हे ज्यांना सहन झालं नाही, त्यांनी संघाचा नियम बरोबर ओळखला. मोडकी वस्तू मिळत नाही, चोरीला गेलेली मिळते. टाके कुणाचे आहेत?"

बायकांच्या घोळक्यातून एक जण पुढे आली. सुनंदा कोरगावकर, मास्तरांची बायको.

"माझे. बाकीच्यांना मी ओढलं यात. काय करायचं ते मला करा."

"सुनंदा, तू?" कोरगावकर बघतच राहिले.

गुप्त्यांनी घाम पुसला. "हे गंभीर आहे. पण चला, खांब सापडला, म्हणजे नवा देण्याचा प्रश्न मिटला. उद्याचं प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे."

धैर्यवानांची कानशिलं तापली. इतकं डोकं चालवून त्यांनी काय मिळवलं होतं? मोडका खांब मास्तरांच्या पायाखाली परत आणून दिला होता.

"तडा दिसतोय तुम्हाला?"

"बारीक आहे. तिघांच्या सह्यांशिवाय मी काही मानू शकत नाही."

"कमान उतरवा," धैर्यवान पोरांना म्हणाले. "आणि मला पहार द्या."

खांब आडवा झाला. सुनंदाबाईंनी टाके उसवले. धैर्यवानांनी पहारीचं टोक तड्यात घातलं आणि अंगातला सगळा संताप लावून दाबलं. एवढा जाडजूड खांब कड्कन उभा फाटला. आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं केलेला भुसा भसाभस मातीत सांडला.

"तुम्ही संघाची मालमत्ता मोडलीत!" गुप्ते किंचाळले.

"मोडली. पाहणी समितीच्या सभासदानं मोडली तर नियम काय?"

गुप्ते बोटांवर नियम मोजू लागले. असा नियमच नव्हता.

"मग आजच्या आज करा. नवा खांब येईपर्यंत मी इथून हलत नाही."

कोरगावकर तिकडे लक्ष देत नव्हते. ते खाली बसून भुसा मुठीत घेऊन बघत होते.

"उद्या मी यावर चढणार होतो," ते म्हणाले. "सुनंदा, एवढं केलंस, मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं नाही?" सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज रागाचाच होता. "रोज सांगत होते, चढू नका म्हणून. तुम्ही म्हणायचात, बघू."