न हललेली रेघ

जयलक्ष्मी शाल पांघरून शेडपाशी आल्या. शटर अर्धं खाली होतं, गाडीचं इंजिन चालू होतं. त्यांचे यजमान रघुनाथराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. जयलक्ष्मींनी हाक मारली, हलवून पाहिलं. ते उठले नाहीत.

"आत्महत्या," चार दिवसांनी तपासाला आलेले सब-इन्स्पेक्टर सुधींद्र वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला, विभावरीला हळूच म्हणाले. "धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्यांचा मुलगा भुवनही सांगतो, अप्पा हल्ली गप्पच असत."

जयलक्ष्मींनी ते ऐकलं. "अय्यो, मीच गं! आदल्या दिवशी वाटेल ते बोलले त्यांना. त्या सकाळी शब्द न बोलता शेडकडे गेले."

विभावरी पुण्याहून मेटगळ्ळीतल्या कारखान्यात आलेली. गाड्यांचा धूर शुद्ध करणारे कॅटॅलिस्ट तपासणं हेच तिचं काम.

"शटर अर्धं उघडं असताना इतका विषारी वायू?" तिने विचारलं. "कॅटॅलिस्ट बिघडल्याचा दिवा लागला होता?"

"नाही."

"हीटर?"

"चालू होता. शेजारच्या सीटवर उशी होती."

"माझी ती," जयलक्ष्मी म्हणाल्या. "कंबर दुखते ना. बेट्टदपुरला देवाला निघालो होतो."

"गाडी गॅरेजात कधी गेली होती?"

"त्याच्या आदल्या आठवड्यात. भुवनच्याच गॅरेजात, लष्कर मोहल्ल्यात."

"फक्त ऑइल बदललं," दारातून भुवन म्हणाला.

विभावरीने गाडी उघड्यावर काढून घेतली, स्कॅनर जोडला. पडद्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन सेन्सरच्या रेघा आल्या. कॅटॅलिस्टच्या आधीच्या सेन्सरची नाचत होती, मागच्याची सपाट. तिने ॲक्सिलरेटर दाबला, एकदम सोडला. पुन्हा तेच केलं. मागची रेघ हलली नाही.

"धुराचा पाइप उघडून घ्या," ती सुधींद्रांना म्हणाली.

पाइप उघडल्यावर तिने सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"कॅटॅलिस्टमध्ये सेरियम नावाचं मूलद्रव्य असतं. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते साठवून ठेवतं, कमी पडला की परत देतं. त्या ऑक्सिजनने विषारी वायू जळून जातो. म्हणून मागची रेघ शांत असते. पण साठवायलाही मर्यादा आहे. ॲक्सिलरेटर असा वारंवार सोडला की खरी रेघ कधीतरी हलतेच. ही हलली नाही, कारण ती खोटी होती. सेन्सरच्या तारेत कुणीतरी फसवं सर्किट बसवलं होतं, दिवा लागू नये म्हणून. आणि कॅटॅलिस्टचं कवच रिकामं आहे. सांधाही नीट बसवलेला नाही. तिथून निघालेला धूर हीटरने आत ओढला."

"गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलीच नव्हती," सुधींद्र म्हणाले. "भुवन?"

भुवन आईकडे वळला. "एका गिऱ्हाइकाला तातडीने कॅटॅलिस्ट हवा होता. अप्पांची गाडी घरीच असते, म्हटलं नंतर नवीन बसवू. असं होईल असं वाटलं नव्हतं, अम्मा."

जयलक्ष्मी त्याच्याकडे बघत नव्हत्या. "विभावरी, म्हणजे ते रागावून गेले नाहीत?"

"नाही. तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून गाडी गरम करत होते. शटरही तेवढ्यासाठीच खाली घेतलं असावं. तुमची उशी मांडून वाट बघत होते."

जयलक्ष्मींच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. भुवनने त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे घेतले.

"तुला ठाऊक होतं, भुवन," त्या म्हणाल्या. "मी रोज म्हणत होते, माझ्या बोलण्याने गेले. तू इथेच बसून ऐकत होतास. माझ्या ताटात भात वाढत होतास."