विहिरीत बुडालेलं पोतं

बेबीनंदाने उंबऱ्यातूनच जयभीम घातला. खुर्ची दाखवली तरी ती बसली नाही.

"मला नोकरी मागायची न्हाई," ती म्हणाली. "मी चोर न्हाई, एवढं सगळ्यांसमोर दाखवून द्या."

साहेबराव दाभाडे खोटा पंचनामा लिहायला नकार देऊन पोलिसातून बाहेर पडलेला माणूस. आता जालन्यात खाजगी तपास करायचा. सोबतीला वसंता. मनाने चांगला, डोक्याने सावकाश.

साल १९७९. काकासाहेबांनी मोंढ्यातली धान्याची आडत मोडून गावाबाहेर प्लास्टिकच्या दोरीचा कारखाना टाकला होता. पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे दाणे वितळवायचे, तारा काढायच्या, हौदात थंड करून ताणायच्या, पिळायच्या. बैलाच्या कासऱ्यापासून बाजेपर्यंत ही दोरी अंबाडीच्या दोरीला हटवत होती. त्या दाण्यांचं एक भरलं पोतं बुधवारी गायब झालं. मालकाचे मेहुणे तातेराव यांनी गेटवर सगळ्यांदेखत बेबीनंदाला चोर म्हणून हाकललं. कसं चोरलं, हे तिला सांगायचीही त्यांना गरज वाटली नाही. तिच्या वस्तीतल्या बाकीच्या बायांनाही आता काढणार होते.

साहेबराव आधी रखवालदार कडूबाकडे गेला. त्याचं म्हणणं, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन झाडाखाली बसली होती, पण सारखं लक्ष कोण ठेवतं? त्या दुपारी एकच गाडी बाहेर पडली. तातेराव जीपने हसनाबादला गेल्ते, मागं ताडपत्री बांधून. एवढं बोलून कडूबाने मान खाली घातली.

वसंता मशीनजवळच्या हौदावर हात धुवायला गेला. सांडलेले दाणे पाण्यावर साचले होते. ते बाजूला सारता सारता तो वैतागला.

तातेराव ऑफिसात पंख्याखाली बसले होते. उभी हयात आडतीवर गेलेली. त्यांनी सांगितलं, बाई पोतं घेऊन मागच्या दाराने निघाली, मी ओरडलो, तशी तिने ते विहिरीत ढकललं.

"दगड बांधला होता?"

"बिलकुल न्हाई. सरळ तळाला गेलं. या डोळ्यांनी बघितलं."

"मग सापडलं का नाही?"

"गळ टाकला. गाळ लई आहे."

साहेबरावाने काकासाहेबांना, बेबीनंदाला आणि सगळ्या कामगारांना विहिरीवर बोलावलं. गोदामातलं तसलंच भरलं पोतं आणवलं. काकासाहेब नुकसानीबद्दल बोलत होते, तोवर वसंताने ते ढकललं.

पोतं पाण्यात गेलं, वर आलं आणि तरंगत राहिलं.

"तातेराव, धान्याचं पोतं बुडतं," साहेबराव म्हणाला. "तुम्ही जन्मभर तेच बघितलं. हे दाणे पाण्याहून हलके. हौदाच्या पाण्यावर तरंगताना वसंताला दिसले. तुम्ही पंख्याखालून उठून मशीनकडे कधी गेला असतात, तर थाप तरी बरी मारली असती. त्या दिवशीचं पोतं विहिरीत पडलं असतं, तर असंच तरंगताना दिसलं असतं. म्हणजे ते विहिरीत पडलंच नाही. मग पडताना बघितल्याचं सोंग कोण करेल? ज्याला ते खरं कुठं गेलं हे लपवायचंय, तो. आणि त्या दुपारी बाहेर गेलेली गाडी एकच."

त्याने कडूबाकडे पाहिलं.

"ताडपत्रीखाली पोतं होतं," कडूबा म्हणाला. "ताडपत्रीखाली काय, हे मला कुणी विचारलंच न्हाई."

बेबीनंदा हसली. "मी पोतं बुडवलं म्हणे. आधी सांगितलं असतं, तर मी गेटवरच हसले असते."

काकासाहेब तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, उद्यापासून कामावर या. बाकीच्यांनाही कुणी काढणार नाही. हे आपल्यातच राहू द्या."

"आळ आपल्यात घातला होता का?" तिने आवाज खाली आणला नाही. "चला गेटवर. जेवढ्या जोरात मला चोर म्हणाल्ते, तेवढ्याच जोरात चोर कोण ते तातेरावांनी सांगायचं. कामावर यायचं का न्हाई, ते मंग मी ठरवीन."

ती गेटकडे निघाली. तिच्यामागे वस्तीतल्या बाया निघाल्या, मग बाकीचे कामगार. मशीन बंदच होतं.

तातेराव मेहुण्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी काकासाहेबांनीच त्यांचा दंड धरला आणि गेटकडे चालवलं.