तीन नंबरची जागा

"अहो, थांबा! आधी पॉवर बंद—"

पण तोवर त्याने केबल खोचली होती. खट्ट! आणि रॅकमधले, ऑफिसभरचे कॉम्प्युटर जोडणारे तिन्ही जुने स्विच एकदम गप्प झाले. केबलने एकमेकांना बांधलेले हे स्विच म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणा ना; कर्ता एकच, बाकीचे त्याच्या हुकमात. नवा सदस्य आणायचा तो बंद करून, झोपवून आणायचा. जागा आणला, की मेला दारातच विचारतो, "इथला कर्ता कोण?" आणि मग अख्ख्या घराची पहिल्यापासून सुरुवात.

"चार मजल्यांचं काम ठप्प केलंत!" ती कडाडली. ऑफिसचं नेटवर्क तिच्या ताब्यात, आणि हा, नवा स्विच बसवायला बाहेरून आलेला तंत्रज्ञ. "आता साहेबांना काय सांगू?"

साहेब दारात हजरच. तो सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"चूक माझी, सर. मॅडम थांबवत होत्या, मीच घाई केली."

या कामात चूक झाली की जो तो केबलवर ढकलतो. हा पहिलाच प्राणी! तिचा राग कुठल्या कुठे पळाला. सहा मिनिटांनी दिवे हिरवे झाले, तेव्हा खरं सांगायचं तर, इतक्या लवकर झालं म्हणून तिला जरा वाईटच वाटलं.

नशीब, सगळ्या मजल्यांचं मिळून काम तीन आठवड्यांचं होतं.

"मॅडम, जरा टॉर्च धरता?"

"दोन हात आहेत ना तुम्हाला?"

"आहेत हो… पण दोन्ही कामात आहेत. आणि डोळे भलतीकडेच."

"डोळे केबलवर ठेवा!" ती म्हणाली खरी, पण टॉर्च मात्र तिने लगेच धरला.

शेवटच्या दिवशी तीन नंबरचा म्हातारा स्विच काढायचा होता. या खेपेला त्याने सगळं रीतसर केलं. आधी त्याच्यावरचं काम शेजाऱ्यांकडे दिलं, मग तो बंद करून अलगद बाहेर काढला. एक दिवासुद्धा लुकलुकला नाही.

"येतो, मॅडम." उद्यापासून दुसरं शहर, दुसरं काम.

बोल ना बाई, आता नाही तर कधी? पण तिच्या तोंडून निघालं ते नुसतं "बरं".

तो गेला. तिने सवयीने स्क्रीनवर स्विचची यादी उघडली. एक, दोन, चार हजर. आणि तीनपुढे… 'जागा राखीव'! स्विच काढला तरी त्याचं नाव यादीतून हाताने खोडावं लागतं, एवढंही कळू नये? ती धावत सुटली. लिफ्टचं दार मिटता मिटता तिने हात घातला.

"तीन नंबर खोडायचा राहिलाय!"

"राहिला नाही." त्याचे कान लाल झाले. "ठेवलाय. म्हटलं, आठवड्याभरात तुमच्या लक्षात येईल, चिडून फोन कराल… मग मला यावंच लागेल."

"आठवडा? दोन मिनिटांत आलं लक्षात!"

"तेच तर. तुमच्या हुशारीने घात केला."

"एवढ्या लांबून एक नंबर खोडायला कोण येतं हो?"

"कोणी नाही येत," तो हळूच म्हणाला. "मी आलो असतो. तुम्ही मला फार आवडता."

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. काय वेडा माणूस!

"शनिवारी घरी ये," ती म्हणाली. "आईला भेटायला."

"ये?" तो चमकला. "अहो-जाहो संपलं?"

"संपलं. आणि हे बघ, त्यासाठी माझं नेटवर्क बिघडवायची गरज नाही."