नऊ नंबरच्या खोलीचा नियम

ती आत शिरली, टेबलामागे उभी राहिली, नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला चिकटवली आणि सुरू झाली. "आदरणीय परीक्षक आणि मित्रहो..."

समोर बावीस माणसं बसली होती. बावीसच्या बावीस जणांनी तोंडं उघडली आणि पुन्हा मिटली.

त्यांना सांगायचं होतं की बाई, तुम्ही चुकीच्या खोलीत आलात. पण हा स्पॅनिशचा वर्ग होता आणि इथला नियम कडक होता. उंबरठ्याच्या आत स्पॅनिशखेरीज एक शब्द बोलायचा नाही. शिकवणाऱ्या बाई अजून यायच्या होत्या, पण पहिल्या बाकावर निवृत्त पोस्टमनकाका वही उघडून बसलेले, नियम मोडणाऱ्याचं नाव टिपायला. वर्ग सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एवढ्या पुंजीवर 'मांजर टेबलावर आहे' एवढं सांगता येतं. 'तुमचा वर्ग शेजारी हलवलाय' हे कसं सांगणार?

तेव्हा ती बोलत राहिली. रक्त तपासायला येणाऱ्या माणसांच्या भीतीबद्दल, पूर्ण सात मिनिटं. संपल्यावर तिने घड्याळावरून नजर खाली आणली. सगळे डोळे विस्फारून बघत होते.

दुसऱ्या बाकावरचा एकजण उठला. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस. बराच वेळ शब्द शोधून म्हणाला, "मुय ब्येन!"

म्हणजे फार छान. फळ्यावर तेच लिहिलेलं होतं, वर मोठ्या अक्षरात 'स्पॅनिश'. तिने मागे वळून ते वाचलं आणि पळाली.

तो मागोमाग बाहेर आला. "अहो, थांबा! उंबरठा ओलांडला की आमचं तोंड उघडतं. सूचना लावली होती ना, खोल्या बदलल्याची?"

"मी सूचना वाचत नव्हते. भाषण पुटपुटत होते." तिचे कान लाल झाले होते. "थांबवायचं नाही का मला?"

"कसं थांबवणार? दोनदा नाव लागलंय माझं. तिसऱ्यांदा लागलं की वर्गातून कायमचा बाहेर."

तिला ते लगेच पटलं. कारण तीनचा हिशेब तिलाही लागू होता. दिवसभर ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायची. संध्याकाळी पदविकेचा अभ्यास. बाकी सगळे विषय सुटले होते. एकटा संभाषण-वक्तृत्व राहिला होता. दोनदा परीक्षकांसमोर उभी राहिली, दोनदा तोंडातून शब्द फुटला नाही. तिसऱ्यांदा नापास म्हणजे पदविका गेली. थोरली बहीण म्हणायची, "कशाला जिवाला घोर? तू मुकीच बरी दिसतेस."

मुलगी गप्प बसली की घरचे तिला गुणी म्हणतात. वीस वर्षं तिला गप्प बसवतात. मग एक दिवस टेबलामागे उभी करतात आणि बोलत का नाहीस म्हणून गुण कापतात. असल्या गुणीपणाला आग लागो!

"पण आज बोललात की," तो म्हणाला.

"आज... कुणी काही बोललं नाही ना मधे. 'उच्चार सुधारा', 'हात असे ठेवा'... काहीच नाही."

"मग रोज वर्गाआधी अर्धा तास या खोलीत बोला. मी ऐकतो. नियमाप्रमाणे उत्तर फक्त स्पॅनिशमध्ये देईन. चुका काढायला शब्दच नाहीत माझ्याकडे."

"आणि तुमचा काय फायदा?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खड्ड्यात एकटा. माझी बहीण परदेशात, तिची चिमुरडी फक्त स्पॅनिश बोलते. फोनवर मामा दिसला की पळते. तिच्याशी बोलायचंय. तुम्हाला स्पॅनिश येत नाही, म्हणजे तुम्हीही माझ्या चुका काढणार नाही."

असा सौदा ठरला.

ती बोलायची. तो हनुवटीवर हात टेकून ऐकायचा. बरं झालं की 'मुय ब्येन', अडखळली की 'ओत्रा वेस', पुन्हा एकदा. बस, एवढ्याच दोन उत्तरांवर महिना निघाला. मग तो भाचीसाठी जमवलेली वाक्यं म्हणायचा आणि ती न कळता मान डोलवायची. एक दिवस तो नाचतच आला. भाची फोनवरून पळाली नव्हती, उलट हसली होती.

एकदा त्याने बाह्या वर सारल्या, तर ती मधेच थांबली.

"काय झालं?" डोळ्यांनीच विचारलं त्याने.

"काय शीर आहे हो तुमची... डोळे मिटून सुई जाईल."

तो लाजला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढं छान माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं."

"शिरेबद्दल बोलले मी."

"शीर माझीच आहे ना?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी समोर तेच तीन परीक्षक होते. मधला घसा खाकरून म्हणाला, "या वेळी तरी बोलणार का?"

ती टेबलामागे उभी राहिली. घड्याळ शोधलं... या खोलीत घड्याळच नव्हतं! जीभ टाळूला चिकटली. एक मिनिट गेलं. मधल्याने पेन उचललं.

तेवढ्यात दाराच्या काचेत तो दिसला. काम टाकून आला होता. त्याने खाणाखुणा केल्या नाहीत की ओठ हलवले नाहीत. फक्त बाही वर सारली, हात पुढे केला, मूठ आवळली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. अगदी तिच्यासमोर रक्त द्यायला बसणाऱ्या घाबरट माणसासारखा.

तिला हसू फुटलं. हसताहसताच ती बोलली, रोज पन्नास वेळा बोलते तसंच. "घाबरू नका. आता मूठ सोडा." परीक्षकांनी चमकून पाहिलं. "एवढं एक वाक्य मी दिवसभर बोलते, आणि माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात. आज त्या माणसांबद्दल सांगते..."

आदरणीय वगैरे राहूनच गेलं. कुणाला त्याची आठवण झाली नाही. मधल्याचं पेन खाली गेलं, हात मात्र नकळत स्वतःच्या कोपराकडे गेला. सात मिनिटांनी तो म्हणाला, "पास. पुढच्याला बोलवा."

ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून नुसती श्वास घेत राहिली. दोनदा नापास झाल्याचं ओझं पायांतून फरशीवर उतरत होतं.

"पास?"

"पास!"

तो काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलं... मिटलं. मान खाजवली. "चल, नऊ नंबरमध्ये जाऊ. तिथे सांगतो."

खोली रिकामी होती. उंबरठा ओलांडताच तो भराभरा स्पॅनिशमध्ये बोलला, लांबलचक, डोळे जमिनीवर.

"कळलं नाही," ती म्हणाली आणि त्याची बाही धरून त्याला पुन्हा बाहेर ओढलं. "इथे सांग. आपल्या भाषेत."

"इथे... तेच तर... म्हणजे बघ..." आता जीभ त्याची चिकटली होती.

तिने त्याचा हात हातात घेतला. मूठ आवळलेलीच होती. तिने अंगठा त्या शिरेवर अलगद ठेवला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आता मूठ सोडा."

त्याने मूठ सोडली. "मला तू आवडतेस. तुझ्याशी लग्न करायचंय. झालं... बोललो."

तिचे डोळे भरून आले होते, तरी पहिल्या बाकावरच्या पोस्टमनकाकांसारखा चेहरा कडक ठेवून ती म्हणाली,

"मुय ब्येन... ओत्रा वेस."