धुतल्या जागेचा उजेड

उम्म गियास त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर चढली ती दिव्याच्या पट्ट्या उपटायला. हातात पेचकस, खांद्याला पिशवी आणि तोंडात जिन्याला शिव्या. कठडा कधीच कुणीतरी कापून भंगारात नेला होता. लढाई थांबल्यावर अलेप्पोत लोकांनी ओस घरांची दारं नेली, नळ नेले, भिंतीतल्या वायरीसुद्धा ओढून काढल्या. पण छताला चिकटवलेल्या एलईडीच्या पट्ट्यांना कुणी हात लावला नाही. त्या प्रत्येकाकडे होत्याच. वीज नसलेली सगळी वर्षं हे शहर त्याच पट्ट्यांवर आणि मोटारीच्या बॅटऱ्यांवर जगलं होतं. सडत पडलेलं उचलणं ही चोरी नव्हे, असं उम्म गियासचं मत होतं. तिचं मत बदलायला जाणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्मला नव्हता.

तिला उजेड हवा होता मिरचीसाठी. ती राहायची त्याच इमारतीच्या तळघरात. शेजारची इमारत कोसळली तेव्हा तळघराच्या एकुलत्या खिडकीसमोर ढिगारा येऊन बसला आणि तेव्हापासून तिथे भर दुपारीही हाताला हात दिसत नसे. तिचा मुलगा गियास, ज्याच्यावरून तिला सगळे उम्म गियास, म्हणजे गियासची आई म्हणत, गावाकडे वाट्याने रान करायचा. मिरचीचं बी रुमालात गाठ मारून त्याने आईकडे ठेवलं, गावी जातो म्हणून निघाला, आणि गावी पोचलाच नाही. गावात नाही, तुरुंगाच्या यादीत नाही, कुठेच नाही. दिराने येऊन सुचवलं, की आता त्याच्या जनाज्याची नमाज पढून टाकू, मृत्यूचा कागद करून घेऊ. तिने त्याला दार दाखवलं. शोकाची कडू कॉफी माझ्या चुलीवर उकळायची नाही, तो परत आला की सगळे मिळून गोड पिऊ, असं तिने जिन्यातून साऱ्या गल्लीला ऐकवलं.

पण बी वाट बघत नाही. जुनं झालं की ते मुकं होतं. गावच्या वाटेकऱ्याने निरोप धाडला होता, की वसंतात रोपं तयार असतील तर जमिनीचा एक पट्टा देतो. हा हिवाळा हुकला तर गियासच्या हातची ती मिरची जगातून संपली असती.

दिवा तिने स्वतःच जुळवला. मिठाईवाल्याची फुटकी ॲल्युमिनियमची परात उलटी केली, आत पट्ट्यांच्या रांगा चिकटवल्या. पांढऱ्या वरच्या मजल्यावरच्या. मधून दोन तांबड्या, जळालेल्या न्हाव्याच्या पाटीतून काढलेल्या, कारण रोपाला तांबडा उजेड लागतो हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. सोलून पीळ दिलेल्या वायरी, मोटरसायकलची बॅटरी, जोडीला एक भरून ठेवलेली, वर साखळी, म्हणजे रोपं वाढतील तशी परात वर ओढता यावी. तेलाचे डबे आडवे कापून त्यात माती. तारा जोडल्या तसा तळघरात कोवळ्या मांसाच्या रंगाचा उजेड पसरला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कोण म्हणतं बायकांना विजेतलं कळत नाही?

बी रुजलं. दोन दोन पानं उलगडली. रोपांना झोप लागते, म्हणून ती रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने दिवा बंद करी.

पहिल्यांदा तिला वाटलं, वर कुणाचा नळ राहिला असेल. पण साऱ्या इमारतीत नळच उरले नव्हते. दिवा विझला की थोड्या वेळाने पाणी ओतल्याचा आवाज येई. मगाने, सावकाश. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा. पाठोपाठ वास... ओल्या हिरव्या साबणाचा, आणि त्याच्या तळाशी कापराचा. ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडे आणि उंदरांना शिव्या घाली.

मग रोपं वाकू लागली. रोप उजेडाकडे वाकतं हे पोरालाही ठाऊक असतं. ही उजेडाकडे पाठ करून कोपऱ्याकडे वाकली होती, सगळीच्या सगळी, कुणी आत आल्यावर माना वळाव्यात तशी. तिने डबे फिरवले. दुपारपर्यंत ती पुन्हा कोपऱ्याकडे वळली. कोपऱ्यात गियासची गादी गुंडाळून ठेवली होती. दुसरं काही नव्हतं.

फद्वा खाली आली ती दुपारी. दुसऱ्या मजल्यावर राहायची, विधवा, शिवणकाम करायची. उम्म गियासशी भांडून टिकलेली ती एकटीच. चहाचा पेला हातात घेऊन तिने परातीकडे बघितलं आणि थट्टा केली, की मावशी, तुझ्या मिरचीला लग्नाच्या मांडवात बसवलंस की काय. मग तिने रोपांकडे बघितलं. कोपऱ्याकडे बघितलं. पेला खाली ठेवला.

"मावशी... या पट्ट्या कुठल्या खोलीतल्या?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या. आतल्या, बिनखिडकीच्या."

फद्वा उठून दाराकडे सरकली. परातीतून बारीक घूं असा आवाज येत होता, तेवढाच.

"बोल की. जीभ शिवून आलीस का?"

फद्वाने मग खालच्या आवाजात सांगितलं ते असं. वेढ्याच्या दिवसांत माणसांनी रस्त्यावरून एक जवान पोरगा उचलून आणला होता. तिसऱ्या मजल्यावर पाणी होतं, म्हणून तिथे त्याला आंघोळ घातली. मावशी त्या दिवशी पावाच्या रांगेत होती. कोण, कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. फद्वाने पाणी तापवून दारापर्यंत दिलं होतं, आत गेली नव्हती. मय्यत धुतलेल्या जागी तीन रात्री दिवा ठेवायची बायकांची रीत. मशिदीतले शेख नाक मुरडतात, तरी बायका ठेवतात. आणि तो माणसाच्या हाताने विझवायचा नाही, आपसूक विझू द्यायचा. तेल कुठलं तेव्हा, म्हणून छतावरची पट्टीच लावून ठेवली. पण त्याच रात्री विमानं आली. उजेड दिसला तर बॉम्ब पडेल, म्हणून घरमालकाने तार उपटली, आणि पहाटे तिथलं कुटुंब शहर सोडून गेलं.

"त्याच्या रात्री राहिल्यात, मावशी. आणि तू रोज संध्याकाळी... आपल्या हाताने..."

"कधीची गोष्ट ही?"

फद्वाने खाली बघितलं. "गियास निघाला त्याच आठवड्यातली. पण तो तर गावी गेला होता ना... कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि नंतर तुझ्यापुढे असलं काही बोलायची सोय होती का?"

उम्म गियास उठली. डब्यांतली माती उगाच सारखी केली. मग म्हणाली, की तो दुसऱ्या कुणाचा पोरगा. आपला नव्हे. पण परक्याचं असलं तरी लेकरू आहे, त्याच्या रात्री आपण भरून देऊ. तीन रात्रींच्या जागरणाने रोपं काही मरत नाहीत. मग तो त्याच्या वाटेने जाईल आणि मी माझी मिरची लावीन.

तिने दिवा विझवला नाही. पहिल्या रात्री पाणी वाजलं नाही. दुसऱ्या रात्री वास विरळ झाला. तिसरी रात्र सरली, आणि सकाळी रोपांनी माना सरळ केल्या, जशी देवाने केलेली रोपं उभी राहतात तशी. दुपारच्या सुमाराला बॅटरी बसत आली. पट्ट्या पिवळ्या पडल्या, मग विटकरी. फद्वा दाराशी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत उभी होती. उम्म गियास स्टुलावर बसून होती. आपण परक्यावर केवढे उपकार केले, अशा थाटात.

तेव्हा कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं.

हळूच. घरात बायामाणसं असतील, त्यांनी डोकं झाकून घ्यावं, म्हणून पुरुष उंबऱ्याशी खाकरतात तसं. हलकं, शेवटाला किंचित घोगरं. मग पुन्हा एकदा, गादीपासून थोडं अलीकडे. मग दिव्याखाली. मग दाराजवळ, फद्वाच्या अगदी बाजूला. फद्वा भिंतीला चिकटली.

तो आत येत नव्हता. निघाला होता.

उम्म गियासने दुसरी बॅटरी ओढली आणि तारा जोडल्या. भक्क उजेड पडला. खाकरणं मध्येच तुटलं.

"मावशी, काय केलंस... जाऊ दे त्याला."

"माझ्या घरातून आईला न विचारता कुणी जात नाही," उम्म गियास म्हणाली.

त्यानंतर तो दिवा विझला नाही. गल्लीतल्या भाड्याच्या जनरेटरच्या तारेवर ती एक बॅटरी चार्ज करी, दुसरी लावलेली असे. तिने आपलं जुनं शिलाई यंत्र विकलं आणि तिसरी घेतली. न झोपलेली रोपं आधी पिवळी पडली, मग त्यांची पानं कडेने कुरतडल्यासारखी झाली. फद्वा रडली, भांडली, निदान रात्रीपुरती तरी डब्यांवर टोपली घाल म्हणाली. पण टोपलीने कोपऱ्यावर सावली पडत होती. वाटेकऱ्याचा वसंतात पुन्हा निरोप आला तेव्हा डब्यांत नुसत्या सुतळीसारख्या काड्या होत्या. उम्म गियासने त्या उपटून चुलीत घातल्या. रुमाल रिकामा होता. डोळ्यांत पाणी आलं नाही. रोप की पोरगा, असं कुणी विचारलं तर कुठली आई रोप म्हणेल?

डबे मात्र तिने हलवले नाहीत. पाणी घालणंही सोडलं होतं. माती तडकून पांढरी पडली होती.

एका सकाळी फद्वा दारातूनच हाक मारत आली. ती आता उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. उम्म गियास परातीखाली वाकून उभी होती. माती काळी झाली होती, ओली. आणि प्रत्येक डब्यात मधोमध एक भोक होतं, ताजं, सरळ. ओल किती खोल आहे ते पाहायला रानातली माणसं बोट खुपसतात तसं.

बाहेर ऊन असूनही तळघरात इतका गारठा होता, की तिचा श्वास दिसत होता. तिने पहिल्या भोकात आपलं बोट घातलं. भोक तिच्या बोटाहून खोल होतं. बोटाच्या टोकाशी माती कोमट होती.

"मावशी? काय गं... काय आहे तिथे?"

उम्म गियासने बोट काढलं नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "दार लाव. उजेड बाहेर जातोय."