उतारावर चालणारी मुलगी

"उतारावर ढकलताय?"

मागून आवाज आला आणि माझ्या काळजात धस्स झालं. तसं ते कशानेही होतं म्हणा. मी औषधाच्या दुकानात काम करते. एकेक चिठ्ठी तीनतीनदा वाचते, आणि घरी गेल्यावर ती पुन्हा आठवून बघते.

"लोक चढावर सायकलवरून उतरतात," आवाज म्हणाला. "तुम्ही चढ झपाझप मारलात आणि उतार आला तशा चालू लागलात. असं करणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही."

"तुम्ही पुढे जा ना... मला बघत बसू नका."

"पुढे नाही जाता येत. मी शेपूट."

आमच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये सगळ्यांच्या मागे एक जण ठेवतात, त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेवटच्या सायकलच्या मागे राहायचं, तिला ओलांडायचं नाही, आणि वेळ संपली की त्या स्वाराच्या पाठीवरचा नंबर काढून घेऊन त्याला ट्रकमध्ये बसवायचं. शेवटची सायकल अर्थातच माझी होती.

जुन्या व्यापारी रस्त्यावरची दोनशे किलोमीटरची राइड. टेहळणीचे पडके बुरूज, दगडी पूल, अक्षरं झिजलेले मैलाचे दगड. बाकीचे फोटो काढत गेले, मी घड्याळ बघत. पाचच्या आत किल्ल्याचा दरवाजा गाठायचा होता. गेल्या वर्षी उतारावर पडून हात मोडला, आणि त्यानंतरच्या दोन्ही राइड्सना मी ट्रकमधूनच परतले. या वेळी दादाने बजावलं होतं, "पुन्हा ट्रकमधून उतरलीस तर सायकल माझ्याकडे ठेवणार. आईच्या जिवाला किती घोर लावायचा?" दादा दरवाज्यापाशीच उभा असणार होता.

"शेपूट नसता तेव्हा काय करता?" मी मागे न बघता विचारलं.

"चष्मे बनवतो."

"मग रस्त्याकडे बघा, माझ्याकडे कशाला?"

"रस्ता दोनदा पाहून झालाय."

मला हसू आलं, आणि लगेच घड्याळ आठवलं.

शेवटच्या खिंडीत पोचलो तेव्हा चार चाळीस झाले होते. खाली सहा किलोमीटर नुसती वळणं. चालत गेले असते तर सहा वाजले असते.

"बसा आता," तो म्हणाला.

"तुम्ही पुढे व्हा ना. तुमच्याकडे बघत येईन मी."

"मी पुढे गेलो की तुम्ही बाद. ऐका — ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. आणि जायचंय तिकडे बघायचं. मी मागे आहे."

मी बसले. वारा कानात शिरत होता आणि त्याच्या चाकाची टिकटिक मागून येत होती. पहिलं वळण गेलं... दुसरं...

"शाब्बास!" तो ओरडला.

तिसऱ्या वळणानंतर टिकटिक थांबली.

मी ब्रेक दाबला. चार सत्तेचाळीस. खाली दरवाजा दिसत होता. चेन पडली असेल, येईलच तो... पण तो येईना. पुढे गेले असते तर सायकल माझी राहिली असती. मी सायकल वळवली आणि जीव खाऊन चढ चढू लागले.

तो कठड्याला टेकून मनगट धरून बसला होता. सायकल गटारात.

"खडी दिसली नाही," तो ओशाळून म्हणाला.

"आणि म्हणे चष्मे बनवतो!"

"तुमच्याकडे बघत होतो... पण तुम्ही परत का आलात? वेळ जाईल ना!"

"गप्प बसा. बोटं हलवा बघू." मी त्याचा हात हातात घेतला. नुसता मुरगळला होता.

"तुमचे आधीचे दोन्ही नंबर माझ्याकडे आहेत," तो एकदम म्हणाला. "ऑफिसात जमा करायचे असतात. मी... नाही केले."

दोन्ही वेळा मी मान खाली घालून रडत होते. नंबर कोणी घेतला, हे पाहिलंच नव्हतं.

"का नाही केले?"

"पहिल्यांदा रडता रडता तुम्ही विचारलंत, माझ्यामुळे तुम्हाला उशीर तर नाही ना झाला? त्या दिवसापासून शेपटाचं काम मी मागून घेतो."

माझा चेहरा तापला. मी त्याच्या मनगटाला रुमाल बांधत बसले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

त्याने फोन करून ट्रक बोलावला. पाच वाजून गेले होते.

"चला, बसा," तो म्हणाला.

"तुम्ही बसा. मी येते."

मी खाली निघाले. ट्रक रखडत मागून येत होता, आणि खिडकीतून डोकं काढून तो प्रत्येक वळणाला ओरडत होता, "आधी ब्रेक! आधी!" भीती होतीच. पण मला तो आवाज हवा होता, आज आणि नेहमीच. हे कळलं तेव्हा वळणं संपली होती.

दादा दरवाज्यात घड्याळ बघत उभा होता. "सव्वीस मिनिटं उशीर!" मग त्याने मागच्या उताराकडे पाहिलं. "बसून आलीस? हा अख्खा उतार?"

"हो."

"मग उशीर कशाने झाला?"

ट्रकचं दार उघडलं. हात छातीशी धरून तो उतरला.

"यांच्यामुळे," मी म्हटलं. आणि पुढचंही बोलून टाकलं. "आणि यापुढेही होणार आहे, दादा."

दादाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग सायकल लागेलच तुला," तो म्हणाला.